स्वालबार्डचा उन्हाळा: कोणत्या आठवड्यात, कुठे आणि किती लांबून काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी आठ दिवस काढून स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांवर जायचं आहे. चार दिवस लाँगइयरब्येन गावात, चार दिवस छोट्या जहाजावर. तिथे झाड म्हणून एकही नाही, मग वनस्पतींमध्ये बघण्यासारखं काय आहे? हिमअस्वल सोडून कोणते प्राणी-पक्षी हमखास दिसतात? आणि नेमके कोणते आठ दिवस निवडावेत?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं तारखेवर ठरतं. लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. सूर्य २० एप्रिलच्या सुमारास मावळायचा थांबतो तो थेट २२-२३ ऑगस्टपर्यंत. पण उजेड आला म्हणजे उन्हाळा आला, असं इथे होत नाही. मे संपेपर्यंत दऱ्या बर्फाखालीच असतात. गावाजवळची सपाट जमीन उघडी पडते जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि सप्टेंबरात पुन्हा भुरभुर सुरू होते. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, अंडी घालायची, पिल्लं उडवायची आणि चरबी साठवायची, हे सगळं मधल्या दहा-बारा आठवड्यांत उरकावं लागतं. त्यामुळे एका आठवड्याच्या फरकानं दृश्य पार बदलतं.

जूनच्या मध्याला गेलात तर जांभळा सॅक्सिफ्राज (जमिनीलगत वाढणारं एक फुलझाड) फुललेला, कादंब आणि आयडर बदकं अंड्यांवर, रेनडिअरची पाडसं काही दिवसांची. पण उत्तरेकडचे फिओर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्या, अजून बर्फानं अडलेले असू शकतात आणि जहाजाला फेरीचा मार्ग बदलावा लागतो. जुलैचे पहिले पंधरा दिवस फुलांचे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कड्यांवरच्या गिलेमॉट पक्ष्यांची पिल्लं समुद्रात उड्या टाकतात, जहाजं बरीच वर जाऊ शकतात, पण तोवर फुलांचा भर ओसरलेला असतो. ऑगस्टच्या मध्यानंतर कडे रिकामे होतात आणि ध्रुवीय विलोची पानं पिवळी पडून अख्खे उतार हळदीसारखे दिसू लागतात. तुम्हाला वनस्पती आणि पक्षी दोन्ही हवेत, म्हणून ४ ते ११ जुलै घ्या. दोन्हीकडचं सर्वांत जास्त याच आठवड्यात पदरात पडतं. विमान आणि जहाजाच्या तारखा आधीच ठरल्या असतील तरी हरकत नाही, कारण फुलांच्या बाबतीत एक युक्ती आहे.

हिवाळ्यात वाऱ्यानं घळींमध्ये साचलेला बर्फ जुलै संपेपर्यंत वितळत राहतो. त्या बर्फाच्या कडेला जा. कडेपासून दोन हातांवरची जमीन नुकतीच उघडी पडलेली असते, म्हणजे तिच्यासाठी अजून जूनची सुरुवातच आहे. दहा-पंधरा पावलं लांब गेलात की जूनचा शेवट, आणि त्याहून लांबच्या कोरड्या उंचवट्यावर जुलै. जांभळा सॅक्सिफ्राज सगळीकडे सुकून गेला असला तरी बर्फाच्या कडेला तो सापडतो. डोंगर चढूनही हाच परिणाम मिळतो. वीस मिनिटांच्या फेरीत पाच आठवडे पाहून होतात. मात्र त्या वितळत्या कडेचा चिखल फार नाजूक असतो, तिथे दगडावरूनच पाय टाका.

आता वनस्पतींकडे. स्वालबार्डमध्ये स्थानिक अशा जेमतेम १८० च्या आसपास फुलझाडं आणि नेचे मिळून जाती आहेत. दगडफुलं आणि हरिता म्हणजे मॉस यांच्या जाती त्याहून कितीतरी जास्त. (गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं, तोच हा गट.) जुलैतलं सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास. पण थंडी हे झाडं बुटकी असण्याचं एकच कारण नाही. वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून लाँगइयरब्येनच्या विमानतळावर साधारण २०० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात एवढा कधीकधी एका दिवसात पडतो. म्हणजे हे वाळवंटच. तरी पाय ठेवाल तिथे पाणी का, तर वरचा अर्धा-एक मीटर थर उन्हाळ्यात सुटतो आणि त्याखालची जमीन कायमची गोठलेली असते. पाणी खाली मुरायला वाटच नाही. मुळांनाही नाही. त्यामुळे उंचवट्यावर कोरडं ठक्क आणि वीतभर खाली दलदल, आणि दोन्हीकडच्या वनस्पती वेगळ्या. वनस्पती ओळखताना आधी पायाखाली ओल आहे की खडी, हे बघा. निम्मं काम तिथेच होतं.

झाड नाही म्हणता, पण तुम्ही झाडांवरूनच चालत असता. ध्रुवीय विलो हा आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या वंशातला. खोड-फांद्या जमिनीत किंवा मॉसमध्ये दडलेल्या, वर दिसतात ती फक्त नखाएवढी गोल, चकचकीत पानं आणि बोटाच्या पेरापेक्षा थोडे उंच तुरे. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. तुऱ्यात पिवळे-लालसर पुंकेसर दिसले तर नर. लालसर फुगीर बोंडं दिसली तर मादी, आणि तीच ऑगस्टमध्ये फुटून कापूस सोडतात. बुटका भूर्जही आहे, पण तो कोलेसदालेन, आदव्हेंतदालेन अशा मोजक्या उबदार दऱ्यांतच. तो मुद्दाम शोधायला जाऊ नका, त्याच्या वाट्याला आधीच फार थोडी जमीन आहे.

कोरड्या खडीच्या उंचवट्यावर बसा आणि ड्रायसचं एक फूल भिंगातून बघा. गुलाबाच्या कुळातली ही वनस्पती. पांढऱ्या साधारण आठ पाकळ्या उथळ वाटीसारख्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. ही वाटी सूर्याच्या मागे फिरते, आणि इथे सूर्य चोवीस तास आभाळात फिरत असतो. पाकळ्यांवर पडलेलं ऊन परतून मधल्या भागावर एकवटतं, त्यामुळे वाटीतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहते. पाच मिनिटं हलू नका. एखादी बारीक काळी माशी येऊन वाटीच्या मधोमध बसेल आणि बसूनच राहील. ती मधासाठी आलेली असते तशीच ऊब घ्यायलाही. स्वालबार्डला मधमाश्या आणि भुंगे राहत नाहीत. परागीभवनाचं बहुतेक काम घरमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्या आणि चिलटं करतात. डासांची चिंता करू नका, इथे ते लॅपलंडसारखे ढगांनी येत नाहीत. ऑगस्टमध्ये याच ड्रायसवर पिसाऱ्यासारखं बी येतं: कोरड्या हवेत मोकळं फुललेलं, दमट हवेत दोरीसारखं पिळलेलं. ते बघून हवेचा अंदाज येतो.

कुशन म्हणजे उशीसारखी वाढणारी मॉस कॅम्पियनही (नावात मॉस असलं तरी हे फुलझाड) इथेच दिसेल. हिरव्या उशीवर गुलाबी ठिपके. तिची फुलं बहुधा दक्षिणेकडच्या बाजूनं आधी उमलतात, म्हणून तिला होकायंत्राचं झाड म्हणतात. वाऱ्याला आडवं जाईल असं त्या उशीत काहीच नाही, त्यामुळे उन्हात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि दुसऱ्या वनस्पतींची बीही तिच्यातच रुजतात. हाताएवढी उशी कित्येक दशकांची असते. बसताना बूड कुठे टेकतंय ते आधी बघा.

जांभळ्या सॅक्सिफ्राजबद्दल दोन शब्द जास्त. या लॅटिन नावाचा अर्थ दगड फोडणारा, म्हणजे शब्दशः पाषाणभेद. हिमालयातला औषधी पाषाणभेद याच कुळातला आहे. बर्फ सरकल्यावर काही दिवसांतच तो फुलतो, कारण त्याच्या कळ्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तयार होऊन बर्फाखाली थांबलेल्या असतात. इथल्या बहुतेक वनस्पतींचं असंच आहे. यंदा तुम्ही पाहाल तो बहर गेल्या वर्षीच्या उन्हाचा. म्हणून एखाद्या वर्षी फुलं कमी दिसली तर त्या आठवड्याच्या हवेला दोष देऊन चालत नाही. आदला उन्हाळा कसा गेला ते विचारावं लागतं.

बी धरायला वेळ पुरेलच याची खात्री नाही, म्हणून काही वनस्पतींनी दुसरी सोय केली आहे. अल्पाइन बिस्टॉर्टचा दांडा नीट बघा: वरच्या टोकाला पांढरी फुलं, खाली दांड्याला चिकटलेले तपकिरी-लाल कण. ते बी नव्हेत, छोटे कंद आहेत. जमिनीवर पडले की सरळ नवं रोप. कधीकधी दांड्यावर असतानाच त्यांना पान फुटतं. टारमिगन पक्षी हे कंद आवडीनं टिपतो. एका उन्हाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरणारी वनस्पती मात्र इथे जवळपास नाहीच. एवढासा कोएनिगिया सोडला तर सगळ्या वर्षानुवर्षं जगणाऱ्या.

बाकीची नावं भराभर. स्वालबार्डची खसखस, खडीत, पिवळी किंवा पांढरी, दांड्यावर काळे केस, ही जुलैत. कॅसिओपी, मेणाच्या पांढऱ्या घंटा. ओल्या जागी कापूसगवत, जे लव्हाळ्याच्या कुळातलं आहे आणि जुलैअखेर पांढरं होतं. डोंगरी चुका आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातला, गोलसर पानांचा. जुन्या दर्यावर्द्यांना स्कर्व्हीपासून वाचवणाऱ्या पाल्यांमध्ये हा आणि स्कर्व्ही-गवत दोन्ही होते. तुम्ही मात्र तोडून चाखू नका. सगळ्या वनस्पतींना कायद्यानं संरक्षण आहे, आणि दुसरं कारण पुढे येईल.

आता एवढंसं गवत खाऊन इतके प्राणी जगतात कसे, याचं खरं उत्तर जमिनीवर नाही, समुद्रात आहे. ही एक गोष्ट कळली की स्वालबार्डचा नकाशा वाचता येतो. पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह येऊन भिडतो, उत्तर-पूर्वेकडून आर्क्टिकचं गार पाणी येतं. गार पाण्यात कॅलॅनस नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे, चरबीनं भरलेले कवचधारी जीव असतात. ते खायला लिटल ऑक येतो: काळा-पांढरा, लांबीनं मैनेपेक्षा लहान पण गुबगुबीत, दीडशे ग्रॅमच्या थोडा वर. दहा लाखांहून जास्त जोड्या इथे घरटी करतात. घरटं म्हणजे डोंगराच्या घसरत्या दगडांमधली पोकळी, त्यात एकच अंडं. पिल्लाला भरवायला येणाऱ्या पक्ष्याचा गळा बेडकासारखा फुगलेला दिसतो. त्या पिशवीत हजारेक कॅलॅनस असतात. पाणी तापलं की त्यांच्या जागी अटलांटिकची लहान, कमी चरबीची जात येते, आणि तेवढ्याच अन्नासाठी पक्ष्याला जास्त लांब, जास्त वेळा जावं लागतं.

या पक्ष्यांची विष्ठा डोंगरावरून खाली झिरपते. म्हणून पक्ष्यांच्या कड्याखालचा उतार लांबूनच झगझगीत हिरवा दिसतो. शेजारच्या राखाडी डोंगराच्या तुलनेत तर रंगवल्यासारखा. तिथे मॉसचा घोटाभर खोल गालिचा, गुडघ्याला लागेल असं गवत, फोफावलेलं स्कर्व्ही-गवत, चुका. त्या गवतावर रेनडिअर आणि कादंब चरतात, पडलेली अंडी-पिल्लं वेचायला कोल्हा येतो, वर ग्लॉकस गल (मोठा कुरव) घिरट्या घालतो. चार तासांत शक्य तितकं पाहायचं असेल तर असा हिरवा उतार निवडा आणि त्याच्या पायथ्याला शांत बसून राहा. आणखी एक खूण: एकट्या उंच दगडाचा माथा भडक केशरी दिसला तर तो खनिजाचा रंग नाही, झँथोरिया नावाचं दगडफूल आहे. ते खताळ जागी वाढतं, म्हणजे त्या दगडावर पक्षी वर्षानुवर्षं बसतो आहे. कॅमेरा तिथे रोखून थांबा. किनाऱ्यावर व्हेल-वॉलरसच्या जुन्या हाडांभोवती हिरवं कडं दिसेल, तेही याच कारणानं. सतराव्या शतकापासूनच्या शिकारीची ती हाडं अजून जमिनीला खत देताहेत. ती हलवायची नाहीत. शिकारीच्या जागांवरची हाडं आणि १९४६ पूर्वीचे मानवी अवशेष संरक्षित आहेत.

जहाज हिनलोपेन सामुद्रधुनीत गेलं तर आल्केफ्येलेत हा कडा दिसेल. ब्रुनिकचे गिलेमॉट तिथे हजारोंनी, उभ्या काळ्या दगडावर, घरटं न बांधता, टोकदार अंडं थेट खडकावर ठेवून बसतात. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की पंख अर्धवट असतानाच कड्यावरून उडी मारतं, खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. पाण्यापर्यंत पोचलं तर बापाबरोबर पोहत खुल्या समुद्राकडे जातं. पाण्याच्या अलीकडे जमिनीवर पडलं तर तिथे कोल्हा असतो. तुमच्या जुलैच्या तारखांना अंडी आणि लहान पिल्लं दिसतील, उड्या नाहीत. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट कड्यापासून ५०० मीटरच्या आत बोटीचा वेग ५ नॉटपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याला कारण आहे. अचानक आवाजानं सगळे पक्षी एकदम उडाले की अंडी लाथाडली जाऊन खाली पडतात.

गावातले चार दिवस वाया जातील अशी भीती नको. आदव्हेंतदालेनच्या रस्त्यावर, हिमअस्वलाच्या इशाऱ्याच्या पाटीच्या अलीकडे, स्लेजच्या कुत्र्यांचे वाडे आहेत. त्यांना लागून आयडर बदकांची घरटी असतात, अगदी भुंकणाऱ्या कुत्र्यांपासून काही पावलांवर. कारण साधं आहे: कुत्रे साखळीला असतात, पण त्यांच्या भीतीनं कोल्हा फिरकत नाही. मादी स्वतःची पिसं उपटून अंड्यांखाली गादी करते. रस्त्यावरूनच पाहा, मादी उठली की काही मिनिटांत गल अंडं उचलतो. शेजारच्या डबक्यांत लाल फॅलरोप भिंगरीसारखा गोल फिरत पाण्यातले किडे वर आणताना दिसेल. त्यातली जास्त भडक ती मादी. अंडी उबवायचं काम फिक्या नराचं. जांभळा तुतवार पायाजवळून पंख ओढत, उंदरासारखा पळाला तर तो जखमी नाही. जवळ घरटं आहे आणि तो तुम्हाला लांब नेतो आहे. आल्या पावलांनी मागे फिरा.

आर्क्टिक सुरय तर तुम्हालाच शोधत येईल. ग्रीनलंडच्या सुरयांवर बसवलेल्या नोंदणीयंत्रांतून कळलं की हा पक्षी वर्षाला सरासरी ७० हजार किलोमीटर उडतो. इथला उन्हाळा संपला की अंटार्क्टिकाचा उन्हाळा. अंडी उघड्या खडीवर असतात आणि खडीसारखीच दिसतात. सुरय डोक्यावर झेपावू लागला, चोच मारू लागला, तर समजा की तुम्ही अंड्यांत उभे आहात. तो सर्वांत उंच भागावर मारतो, म्हणून काठी किंवा ट्रायपॉड डोक्यावर उभा धरा. फिरवू नका. खाली बघत, आलेल्या वाटेनंच परत जा. पुढे पळालात तर पाय अंड्यावर पडतो, आणि नेहमी हीच चूक होते.

बार्नेकल कादंब गावातच चरतात. यांची स्वालबार्डची वस्ती १९४० च्या दशकात ३०० पक्ष्यांपर्यंत आली होती. हिवाळ्यात ती स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या सॉल्वे आखातात जाते. तिथे आणि इथे शिकार थांबल्यावर संख्या ४० हजारांच्या घरात गेली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूनं त्यातले हजारो मेले. जुलैत मोठे पक्षी पिसं टाकतात आणि तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. त्या वेळी कळप आणि पाणी यांच्या मध्ये कधीही जाऊ नका. त्यांची पळायची वाट तेवढीच असते.

आपल्याकडे भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात जे छोटे टिलवे येतात, ते स्वालबार्डचे नव्हेत, सायबेरियाच्या आर्क्टिक पट्ट्यातले. पण घड्याळ तेच. जुलैअखेरीस तिकडचे मोठे पक्षी निघायला लागतात, म्हणून ऑगस्टमध्येच पहिले टिलवे आपल्या चिखलावर उतरलेले दिसतात. वर्षभर स्वालबार्डलाच राहणारा जमिनीवरचा पक्षी एकच, टारमिगन. नर जुलैच्या सुरुवातीलाही पांढरा असू शकतो, मात्र मुद्दाम चिखलात लोळून मळलेला.

रेनडिअर हमखास दिसेल, कधी बसस्टॉपच्या बाजूला. ही वेगळी उपजात: पाय आखूड, तोंड लहान, अंग गोल. १९२५ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा फार थोडे उरले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज २२ हजारांच्या आसपासचा. जुलैत मोठी, मखमली शिंगं असलेला तो नर. मादीची जुनी शिंगं पाडस झाल्यावर गळतात आणि नवी नुकती फुटत असतात. अंगावरून हिवाळी केसांचे पुंजके लोंबतात, तो आजार नव्हे. दिवस-रात्र नसल्यानं तो चोवीस तास चरणं आणि रवंथ करणं आलटून पालटून करत राहतो, त्यामुळे रात्री दोन वाजताही दिसतो. मान वर करून तुमच्याकडे टक लावली की थांबा, आणि खाली बसा. बसलेल्या माणसाजवळ तो बऱ्याचदा स्वतःच येतो. त्याला पळायला लावणं मात्र गुन्ह्यासारखंच समजा. या दहा आठवड्यांत कमरेवर साठलेली चरबी हीच त्याची हिवाळ्याची शिदोरी. अलीकडे हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर चढतो, खालचं गवत मिळत नाही, आणि तेव्हा ज्याची चरबी कमी तो आधी मरतो.

कोल्हा उन्हाळ्यात तपकिरी, रोडावलेला. पांढऱ्या फोटोंची सवय झालेल्यांना तो ओळखूच येत नाही. जवळ येऊन सलगी करू लागला तर लाड नको. इथल्या कोल्ह्यांत रेबीज आढळतो, आणि त्यांच्या पोटातल्या पट्टकृमीची अंडी विष्ठेतून पसरतात. रशियन खाणवस्तीबरोबर आलेला एक लहान उंदीर ग्रुमांतच्या परिसरात टिकून आहे, तो या कृमीचं चक्र चालू ठेवतो. म्हणून पाला चाखायचा नाही आणि त्या भागात ओढ्याचं पाणी न उकळता प्यायचं नाही. मेलेल्या पक्ष्यालाही हात लावू नका.

वॉलरससाठी जहाज बहुधा पोलेपिंतेनसारख्या ठिकाणी नेतं. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं, तेव्हापासून ते हळूहळू परत येताहेत. ते तळातले शिंपले तोंडानं चोखून मांस ओढतात. सुळे खणायला नसतात. बोटीला १५० मीटर लांब राहावं लागतं. हिमअस्वलापासून १ जुलै ते फेब्रुवारीअखेर किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून ५०० मीटर, हा नियम २०२५ पासून लागू आहे. एवढ्या अंतरावरून फोनवर पिवळट ठिपका येतो. दुर्बीण घ्या आणि फोटोचा हट्ट सोडा. मस्क ऑक्स, ध्रुवीय ससा, लेमिंग हे ग्रीनलंड-कॅनडाच्या चित्रणात दिसतात, ते इथे शोधू नका. १९२९ मध्ये आणून सोडलेले मस्क ऑक्स १९८० च्या दशकापर्यंत संपले, आणि लेमिंग तर इथे नाहीतच. हिमघुबड क्वचित दिसतं ते त्यामुळेच.

न्यू-ऑलेसुंद या संशोधकांच्या वस्तीला थांबा असेल तर फोन आधीच विमान-मोडवर, वायफाय-ब्लूटूथ बंद. तिथल्या वेधशाळेच्या रेडिओ दुर्बिणीला २० किलोमीटरच्या आतल्या लहरींचा त्रास होतो. २००८ मध्ये सुरू झालेलं भारताचं 'हिमाद्री' केंद्र तिथेच आहे. त्याचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. गावातल्या वाटांवर सुरय आणि कादंब घरटी करतात, म्हणून आखलेल्या रस्त्याबाहेर पाऊल नको.

तयारी. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, नॉर्वेतून जाऊन परत यायचं म्हणजे दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा हवा. एकेरी व्हिसावर गेलेल्यांची परतताना अडचण होते. हिमअस्वलाच्या इशाऱ्याच्या पाटीपलीकडे पायी जायचं तर अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असणं बंधनकारक आहे आणि बंदूकही जवळ ठेवायला सांगतात. तुम्ही परवानाधारक वाटाड्याबरोबरच जा. ८×४२ ची दुर्बीण, १० पटीचं भिंग, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, गुडघ्याखाली घ्यायला योगा मॅटचा हातभर तुकडा, झोपायला डोळ्यांची पट्टी. आत लोकरीचे कपडे, वर वारा अडवणारं जाकीट. सुती काही नको, भिजलं की वाळत नाही. २५ जुलै २०२० ला इथे २१.७ अंशांची नोंद झाली आहे, तरी सामान ३ अंश आणि वारा धरूनच भरा. फुलांचे फोटो रात्री दहा ते दोन या वेळात घ्या, ऊन तिरपं असतं. पांढऱ्या पाकळ्या जळल्यासारख्या येतात, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवा, आणि वारा स्वतःच्या पाठीनं अडवा. ओढे सकाळी ओलांडा. हिमनदीचं पाणी दुपारनंतर चढतं आणि सकाळची घोटाभर धार संध्याकाळी मांडीपर्यंत येते.

चालताना दगड, खडी किंवा जुना बर्फ. ओल्या मॉसवरचा बुटाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो.

आणि निघण्याआधी घरी एक काम: बुटांचे तळवे ब्रशनं घासून साबणानं धुवा, पँटच्या खिशांचे कोपरे उलटे करा, वेल्क्रोच्या पट्ट्या टाचणीनं साफ करा, कॅमेऱ्याच्या बॅगेचा तळ व्हॅक्यूमनं ओढा. सह्याद्रीत फिरलेल्या बॅगेतून कुसळं निघतातच. प्रत्येक वेळी जहाजावरून उतरताना आणि परत चढताना बूट पुन्हा धुवायला लावतील; टाचेखालच्या खाचा तेव्हा बोटानं तपासा, ब्रश तिथे पोचत नाही.